गायीच्या रुंदीची वाट

डीलियाने दुधाची बादली गायीखालून ओढून घेतली आणि कान दिला. परसाच्या मागून, उताराच्या वळणाआडून कोयत्याचा आवाज येत होता. खच्, खच्, जरा थांबणं, पुन्हा खच्. सकाळी चहाचं पहिलं आधण ठेवलं तेव्हापासून तो ऐकू येत होता. घरात नवऱ्याला, ऑस्टिनला, तपकिरी कफनीत निजवलेलं, स्वयंपाकघरात निम्मा गाव बसलेला, आणि कुणीतरी परसामागच्या जुन्या वाटेत, बोरीनमध्ये, काटे तोडत होतं.

कुणीतरी कशाला म्हणायचं? बोरीनच्या दोन्ही अंगांची रानं फेस्टस लव्हेलची. हात त्याचाच.

"उभी राहा गं," ती गायीला म्हणाली. गाय उभीच होती. हलत होती ती डीलिया.

घरात मयत आहे हे गायीला कळत नाही, आणि कळलं तरी तिची कास थांबत नाही. म्हणून काळ्या कपड्यांवर जुना कोट चढवून ती गोठ्यात आली होती. शेजारणी म्हणाल्या होत्या, आम्ही काढतो दूध, तू बस. पण बसवत नव्हतं. गोठ्याच्या दारातून बोरीनचं तोंड दिसायचं. दोन दगडी गडग्यांमधली मातीची अरुंद वाट, मधोमध गवताची शेंडी. ती सरळ खाली समुद्राकडे, चर्चकडे उतरत असे. आता पहिल्या काही पावलांपुढचं काहीच दिसत नव्हतं. माणसांची ये-जा थांबून इतका काळ लोटला होता, की दोन्हीकडच्या काटवेली एकमेकींच्या गळ्यात पडल्या होत्या. त्यांच्या आत कुठेतरी फेस्टसचं लोखंडी फाटक होतं.

ती बादली घेऊन स्वयंपाकघरात आली तसं बोलणं थांबलं.

"अजून चाललंय का गं त्याचं?" बिना रुआनने विचारलं. गावात कुठेही मयत झालं की बिना चहाची किटली हातात घेई, ती माती झाल्यावरच खाली ठेवी.

"चाललंय."

"जुड्या बांधतोय मेला. काळ्या काट्याच्या जुड्या. फाटकापुढे रचून ठेवील बघ उद्या. आख्खा गाव येऊन मयताजवळची तपकीर ओढून गेला, पण हा शेजारी असून दाराशी आला नाही. तेव्हाच मी ओळखलं."

"रचू दे की," जार्लथ म्हणाला. हा ऑस्टिनचा पुतण्या, दार भरून टाकील असा धिप्पाड, आणि सकाळपासून काळ्या बिअरच्या बाटल्यांना इमाने इतबारे साथ देत बसलेला. "काट्यांना भितो का आम्ही? काकाला खांद्यावर घेऊ आणि जाऊ त्यातून. नाहीतर ट्रॅक्टर आणतो मी. फाटकासकट नेतो."

"जार्लथ, तू मयताच्या घरात बसलायस, फुटबॉलच्या मैदानात नाही," अट्रॅक्टा म्हणाली. ती डीलियाची एकुलती एक लेक, कालच लीड्सहून आलेली. तिचे पातळ तळांचे बूट अंगणातल्या चिखलाने आधीच भरले होते. "आणि आई, मला एक सांग. पुढच्या दारापर्यंत डांबरी रस्ता आलाय, गाडी येते. मग बाबांना त्या काट्यांतून न्यायचा हट्ट कशासाठी?"

बिनाने किटली उगाच हलवून पाहिली. इतकी वर्षं लीड्सला काढून पोर विसरली होती, किंवा विसरल्यासारखं करत होती.

त्या गावात लहान मुलालाही माहीत होतं, की ज्या वाटेने प्रेत गेलं ती वाट कायमची सगळ्यांची. मग तिच्यावर फाटक नाही, कुलूप नाही, भिंत नाही. कायद्यात असं कुठे म्हटलंय का, हे कुणी कधी वकिलाला विचारलं नव्हतं. विचारायचं काय त्यात? सूर्य कुठून उगवतो हे कुणी वकिलाला विचारतं का?

"काकानं स्वतः सांगितलंय," जार्लथ म्हणाला. "मी होतो दारात. 'मला बोरीननं न्या' म्हणाला. तू होतीस ना काकू?"

"होते."

"तुझ्या सासऱ्याला मात्र केवढ्या लांबून नेलं होतं," बिना म्हणाली. "आख्ख्या डोंगराला वळसा. माझा बाप आला तो तळपायाला फोड घेऊनच. मेलेल्याला जवळच्या वाटेनं न्यायचं नाही, घाई झाली होती म्हणतात लोक, असं म्हणायची जुनी माणसं."

"ते जुनं झालं," जार्लथ म्हणाला. "हे काकाचं सांगणं आहे."

डीलिया हात पुसून आतल्या खोलीत गेली. घड्याळ थांबवलेलं, आरशावर चादर टाकलेली. ऑस्टिनच्या बोटांत जपमाळ गुंडाळली होती. ती त्याला हयातीत कधी अशी शोभली नव्हती. त्याच्या हातात दावं शोभायचं. खिडकी किलकिली होती आणि तिच्यातूनही तो आवाज येत होता. खच्, खच्. तिने खिडकी लावली. मग परत उघडली.

जार्लथने ऐकलं होतं ते अर्धंच. ऑस्टिन म्हणाला होता, "मला बोरीननं न्या." तिने "हो" म्हटलं होतं. मग जार्लथ डॉक्टरांना पोचवायला गेला, आणि ऑस्टिन उशीवर मान कलती करून हसला होता. म्हणाला होता, "बघू, फेस्टस काय करतो ते."

ते हसू कसलं होतं, हे तिला तेव्हाही कळलं नव्हतं. वैऱ्याचं होतं म्हणावं तर तसं होतं. पण शाळेतली पोरं दुसऱ्याच्या बुटात बेडूक टाकून कोपऱ्यात उभी राहतात आणि तो बूट घालायची वाट बघतात, तसंही होतं. ऑस्टिन आणि फेस्टस दोघे याच बोरीनने अनवाणी शाळेत गेले होते. जळणाच्या पीटची, दलदलीतल्या वाळवलेल्या मातीची, एकेक वीट काखेत मारून, शाळेच्या चुलीसाठी. डीलिया लग्न होऊन आली तीही याच वाटेने. खाली चर्चमध्ये लग्न लागलं आणि वर येताना ऑस्टिनचा खांदा एका गडग्याला आणि तिचा दुसऱ्याला घासत होता. मागून फेस्टस बोंब मारत होता, "अरे, एकामागे एक चला की! वाट आहे ही, नाचाचा हॉल नाही!"

मग डांबरी रस्ता झाला. डोंगराला वळसा घालून, लांबचा, पण चाकांचा. ज्याच्याकडे चाकं होती त्याला बोरीन लागेना. फेस्टसची मेंढरं वर-खाली पळू लागली म्हणून त्याने वळणावर फाटक घातलं. आधी नुसतं दोरीने बांधलेलं. ऑस्टिन गायी घेऊन खालच्या रानात निघाला, दोरी सोडली, आणि परत बांधायला विसरला. मेंढरं गेली चर्चच्या आवारात आणि पाद्रीबाबांचा कोबी खाऊन आली. दुसऱ्या दिवशी फाटकाला कुलूप.

तेवढ्यावर भागलं असतं. पण ऑस्टिनला वाटलं, प्रश्न न्यायाने सुटावा. त्याने शाळेचे म्हातारे मास्तर आणले. मास्तर गडग्यावर बसले आणि सगळ्यांना शिकवू लागले. जुन्या भाषेत बो म्हणजे गाय. गायी चालतात तो बोहर, म्हणजे रस्ता. त्याच्या मागे 'ईन' लावलं की झाली बोरीन. आणि जुन्या ग्रंथात रस्त्याचं माप दिलंय: एक गाय लांबीने आणि एक गाय आडवी उभी राहिली पाहिजे.

"बघ!" ऑस्टिन म्हणाला. "दोन गायी. म्हणजे तुझा गडगाच मुळात आत सरकलाय."

"ते रस्त्याचं माप झालं," फेस्टस म्हणाला. "ही बोरीन आहे. ईन म्हणजे लहान. एका गायीची वाट."

"ईन म्हणजे लहान नव्हे रे गाढवा. ईन म्हणजे लाडकं. आपण काय, पोरीला ईन लावतो, घराला लावतो, व्हिस्कीच्या थेंबाला लावतो. थेंब लहान असावा अशी तुझी इच्छा असते का?"

मास्तर म्हणाले, दोघांचंही बरोबर आहे. मास्तरांनी असं म्हणायला नको होतं. ऑस्टिनने दोन गायी आणल्या. एक लांबीने उभी केली. दुसरी आडवी करायला गेला तर तिचं तोंड एका गडग्याला आणि ढुंगण दुसऱ्याला टेकलं, तिने शेपूट उचललं, आणि जे केलं ते फेस्टसच्या रविवारच्या बुटांवर पडलं. गाव अजून हसत होता त्या गोष्टीवर. ते दोघे मात्र त्यानंतर बोलले नव्हते. एक शब्द नाही. ऑस्टिनने गायी रोज डांबरी रस्त्याने, डोंगराला वळसा घालून खाली नेल्या. पावसात, गारांत, गुडघे गेले तरी. आणि बोरीनमध्ये काटे वाढत गेले.

खच्, खच्.

तिने कफनीची सुरकुती सारखी केली. सारखीच होती ती. मग ती स्वयंपाकघरात आली, कपबश्या मोजल्यासारख्या उगीच हलवल्या, केक कापायला सुरी घेतली आणि ठेवली, मागच्या दाराशी गेली, परत आली.

"डीलिया, बस की गं जरा," बिना म्हणाली. "तुझ्या येरझाऱ्यांनी चहासुद्धा ढवळून निघाला."

डीलियाने खुंटीवरचा कोट पुन्हा काढला.

"कुठे निघालीस?" अट्रॅक्टाने विचारलं.

"गायीला पाणी दाखवते."

"आत्ताच तर दाखवलंस."

"मग परत दाखवते."

जार्लथ उठू लागला. "मी येतो, काकू. त्याच्याशी बोलायचं असेल तर—"

"तू बस," ती म्हणाली. "तुझं बोलणं उद्याला ठेव. खांदा लागेल तुझा, तोंड नको."

ती बोरीनमध्ये शिरली तेव्हा काटे पायघोळ कोटाला धरू लागले. थोडं वाकून, थोडं हाताने सारून ती पुढे गेली. वळणापाशी आली, आणि हात सारायला पुढे केला तर हाताला काही लागलं नाही.

पुढची वाट मोकळी होती.

तासलेली, झाडलेली, गडग्यापासून गडग्यापर्यंत. तोडलेल्या वेलींची टोकं पांढरी दिसत होती. मधली गवताची शेंडीसुद्धा विळ्याने कापून सारखी केलेली. जुड्या होत्या, पण त्या फाटकापुढे नव्हत्या. गडग्यावरून पलीकडे, त्याच्याच रानात टाकलेल्या होत्या. आणि फाटक बिजागरीवरून उचलून गडग्याला टेकवून ठेवलं होतं.

फेस्टस पाठमोरा होता. अंगात नुसता सदरा, मानेवर ओरखडे. ती दिसली तसा त्याने कोयता खाली केला आणि डोक्यावरची टोपी काढली.

"वाईट झालं, डीलिया," तो म्हणाला.

"हो."

"घरी आलो नाही मी."

"दिसलं ते सगळ्यांना."

"काम होतं." त्याने कोयत्याकडे पाहिलं. "म्हटलं, दोन्ही करायला वेळ पुरायचा नाही. वय झालं. पूर्वी अर्ध्या दिवसाचं काम होतं हे."

"तुला कुणी सांगितलं, ऑस्टिन काय म्हणाला ते?"

"जार्लथनं सांगितलं. दारूच्या गुत्त्यात, टेबलावर उभं राहून. समुद्रातल्या माशांनासुद्धा कळलं असेल." तो गडग्याला टेकला. "चौघं आजूबाजूनं चालले तरी खांदे घासणार नाहीत आता. मी पेटीचं माप धरून तोडलंय. वळणावर जरा तिरकी करावी लागेल, एवढंच."

तिने फाटकाकडे पाहिलं, आणि फाटकाशेजारी गडग्याच्या बुडाला लाकडी खुंट्यांची एक मोळी दिसली. ताज्या लाकडाच्या, टोकाशी माती लागलेल्या. त्यांच्याभोवती पांढरी दोरी घाईघाईने गुंडाळलेली. तिने वाटेवर नजर टाकली. मोकळ्या केलेल्या मातीत आणि पलीकडच्या सपाट तुकड्यात चौकोनी ओळीने भोकं पडलेली होती. खुंट्या उपटल्याची.

"हे काय?"

"काही नाही. खुंट्या."

"कसल्या?"

फेस्टसने टोपी हातात फिरवली. "कोलमन येणार होता."

कोलमन त्याचा मुलगा. बर्मिंगहॅमला बांधकामावर गेला, तिकडेच लग्न केलं, तिकडेच पोरं झाली.

"येणार होता?"

"इथे घर घालायचं म्हणत होता. सपाट जागा एवढीच, बाकी सगळा उतार नाहीतर दलदल. इंजिनिअर येऊन बघून गेला. म्हणाला, या वळणावर बसेल, बोरीन मध्ये घेतली तर." तो थांबला. "आता ते नाही जमायचं. वाट ती वाट. कळवीन त्याला."

"फेस्टस, तू कुणाला बोलला का नाहीस?"

"कुणाला बोलू? ऑस्टिनला?" पहिल्यांदाच तो जरा हसला. "विचार होता माझा. वसंतात जाऊन विचारायचं म्हणत होतो. म्हटलं, शिव्या देईल, पण तोंड तरी उघडेल. मग ऐकलं की तो आजारी आहे. आजारी माणसाकडे वाट मागायला कसं जायचं?"

वर घराच्या मागच्या दारात अट्रॅक्टा हाका मारत होती. डीलियाने ओ दिली नाही.

"किती पोरं रे कोलमनला?" तिने विचारलं.

"तीन. धाकटी आहे तिला गायी बघायच्या असतात म्हणे. चित्रात दाखवतात तिला तिकडे." त्याने टोपी डोक्यावर घातली. "जा तू. घरात माणसं आहेत. मी एवढं वरचं टोक उजाडायच्या आत मोकळं करतो. आणि जार्लथला म्हणावं, ट्रॅक्टर नको आणू. गडगे पडतील."

संध्याकाळी सगळे गुडघे टेकून जपमाळ म्हणायला बसले. बिना पुढे म्हणत होती आणि बाकीचे मागे. डीलियाचे ओठ हलत होते, पण डोळे खिडकीकडे होते. त्या खिडकीतून पूर्वी उतारावर दिवे दिसत. टायर्नींचा, दोघी बहिणींचा, पोस्टमनचा, खाली फेस्टसचा. पोरं बोटीवर चढत गेली, म्हातारी चर्चमागे निजत गेली, आणि दिवे एकेक करून विझले. आता फक्त फेस्टसचा. तोही वळणाआड, झाडीतून, धुकं असलं की नाहीच.

"आई," जपमाळ संपल्यावर अट्रॅक्टा हळूच म्हणाली, "तू चल माझ्याकडे लीड्सला. इथे एकटी कशी राहणार?"

"आणि गाय?"

"गाय विकता येते, आई."

"मला खोली कुठली देशील? ती मोठी, की ज्यात तुझं शिवणाचं मशीन असतं ती?"

"मशीनवालीच. पण ते हलवता येतं."

"बघू," डीलिया म्हणाली. पण तिचं लक्ष तिथे नव्हतं. ती पुन्हा उठली आणि मागच्या दाराशी गेली. कोयता अजून चालूच होता, पण आता जवळ आला होता, अगदी परसाच्या तोंडाशी.

सकाळी पेटी अंगणात आणून दोन खुर्च्यांवर ठेवली. वारा समुद्रावरून येत होता. पहिला खांदा ऑस्टिनच्या घराण्याचा, मनेलींचा, म्हणून जार्लथ आणि तिघे चुलत भाऊ पुढे झाले. त्यांनी पेटी उचलली तशी बिनाने रिवाजाप्रमाणे दोन्ही खुर्च्या पायाने लाथाडून आडव्या पाडल्या. जार्लथ मागच्या अंगाला, बोरीनच्या तोंडाकडे वळला. तिथे काटा म्हणून उरला नव्हता. लोक एकमेकांकडे बघू लागले.

"थांबा," डीलिया म्हणाली.

चौघे थांबले.

"पुढून चला. रस्त्यानं."

"काकू!" जार्लथचा चेहरा पेटीच्या वजनाने लाल झाला होता, आता आणखी झाला. "काका म्हणाला होता—"

"काय म्हणाला होता ते मला माहीत आहे. शेवटपर्यंत तिथे मी होते, तू नव्हतास."

"पण वाट तर मोकळी आहे! घाबरला तो. आपणच मागे फिरायचं?"

"या गावात मेलेल्या माणसाला कधी जवळच्या वाटेनं नेलंय?" ती म्हणाली. "माझ्या सासऱ्याला नेलं? तुझ्या आजीला नेलं? ऑस्टिन मनेली काय टाकून द्यायचा उंदीर आहे, परसदारानं न्यायला?"

वाऱ्याने बिनाचा रुमाल उडाला, तिने तो हनुवटीखाली घट्ट बांधला.

"खरं आहे तिचं," बिना म्हणाली. "मी कालच म्हटलं होतं. माझ्या बापाच्या तळपायाला फोड आले होते. चला रे पोरांनो. आता तुमचे पाय बघू."

पेटी वळली. हळूहळू, वल्ही मारत वळणाऱ्या होडीसारखी. मग ती पुढच्या अंगणातून डांबरी रस्त्यावर आली आणि सगळा गाव तिच्या मागून निघाला.

रस्ता डोंगराच्या खांद्यावर चढतो तिथून खालचा सगळा उतार दिसतो. डीलियाने मान वळवून पाहिलं. मोकळी झालेली बोरीन हिरव्या रानातून भांगासारखी दिसत होती. वळणावर, फाटक होतं त्या जागी, काळ्या सुटात एक माणूस बोडक्या डोक्याने उभा होता. वरून येणाऱ्या पेटीसाठी त्याने बाजू सोडली होती, गडग्याला लागून. तो वरच बघत होता. मग बहुधा त्याला रस्त्यावरच्या पावलांचा आवाज ऐकू गेला. त्याने मान इकडे वळवली. बराच वेळ तो हलला नाही.

चर्चच्या अलीकडे ओढ्यावरचा पूल आहे. तिथे पेटी पोचली तेव्हा तो रान तुडवत आडवा येऊन रस्त्याला लागला होता, धापा टाकत, गुडघ्यापर्यंत भिजलेला. त्याने कुणाला विचारलं नाही. तो पेटीच्या बाजूला येऊन उभा राहिला. जार्लथने डीलियाकडे पाहिलं. ती पुढे बघत होती. जार्लथ खांद्याखालून निघाला आणि फेस्टसने तिथे आपला खांदा दिला. त्याची उंची जार्लथहून कमी, त्यामुळे पेटी एका बाजूला जरा कलली, ती तशीच चर्चपर्यंत गेली.

माती देताना डीलिया खाली वाकली. पाद्रीबाबांना वाटलं तिला भोवळ आली, त्यांनी हात पुढे केला. तिने नको म्हटलं.

"साफ केली होती त्यानं, ऑस्टिन," ती मुठीतल्या मातीला म्हणाली. "सगळी. गवतसुद्धा." मग मूठ उघडली.

दुपारी घर रिकामं झालं. माणसं गुत्त्याकडे गेली, बिनाने शेवटी किटली खाली ठेवली. डीलियाने चर्चचे बूट काढून रबरी बूट चढवले आणि गोठ्यात जाऊन गायीच्या गळ्यात दावं अडकवलं.

"आता कुठे, आई?" अट्रॅक्टाने विचारलं. "जरा पड तरी."

"गायीला खालच्या रानात सोडून येते."

"आज? त्या एवढ्या लांबच्या रस्त्यानं?"

डीलियाने गायीचं तोंड परसाकडे वळवलं.

ही गाय फाटक लागल्यानंतर जन्मलेली. तिने ही वाट कधी पाहिली नव्हती. तोंडाशी ती थबकली, कापलेल्या देठांचा वास घेतला, कान हलवले, आणि मग कुणी वाट दाखवल्यासारखी आपणहून उतरू लागली. डीलिया दाव्याचं टोक धरून मागे.

वळणावर फेस्टस सुटातच होता. कोट गडग्यावर टाकून, फाटक दोन्ही हातांनी उचलून तो ते बिजागरीत बसवायच्या खटपटीत होता. एक बिजागरी बसली होती, दुसरी बसत नव्हती.

"थांब," डीलिया म्हणाली. "आधी गाय जाऊ दे."

त्याने फाटक परत काढलं आणि टेकवून ठेवलं. गाय अंगावर आली तसा तो गडग्याला पाठ लावून, पोट आत ओढून आडवा उभा राहिला. गायीच्या बरगड्या त्याच्या बंडीच्या गुंड्यांना घासत गेल्या. शेपूट त्याच्या गालावरून फिरलं. त्याने डोळे मिटून घेतले.

"एक गाय लांबीनं," तो डोळे न उघडता म्हणाला, "आणि एक म्हातारा आडवा."

"बूट सांभाळ," ती म्हणाली.

त्याने पाय मागे घेतला. दोघांच्याही तोंडून हसण्यासारखा काहीतरी आवाज निघाला, आणि लगेच थांबला. दावं ताणलं गेलं होतं, पण डीलिया उभीच राहिली. तिने गडग्याच्या बुडाशी पाहिलं. मोळी तिथेच होती. दोरी आता नीट गुंडाळलेली होती, पण खुंट्या रचलेल्याच होत्या.

"पाऊस यायच्या आत ठोक त्या," ती म्हणाली. "भोकं बुजतील."

फेस्टसने हात पुसले, उगाच, सुटाच्या पँटला.

"आणि कोलमनला म्हणावं," डीलिया म्हणाली, "वरच्या अंगाला एक खिडकी ठेव. माझ्या घराकडे तोंड करून. मोठी नको."

गाय पुढे ओढत होती. डीलिया तिच्या मागून उतरू लागली, आणि गडग्याला हात लावत लावत, वळणापलीकडे दिसेनाशी झाली.